बॅटरीवरचा हिवाळा

भात झोडून झालं, अंगणात पेंढ्याची उडवी उभी राहिली की आमच्याकडे थंडी उतरते. सकाळी शाळेला निघताना गाडीच्या काचेवर दव असतं. मी ते पंजाने पुसते, पंजा गार पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी नाकाला जळक्या वायरचा वास येतो. वास खरा नसतो. बॉनेट उघडून पाहायची सवय मी आता सोडून दिली आहे. पण यंदाही थंडी पडली आणि तो वास आला. त्याच्याबरोबर दोन हजार अठराच्या दिवाळीनंतरचा तो सबंध हिवाळा आला.

डहाणूहून तलासरीकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचा पाडा लागतो. इथला हिवाळा तसा लाडाचा ऋतू. हायवेवरच्या टपऱ्यांत उलट्या मडक्यांतून पापडी आणि कंद भाजत असतात, त्यांचा धूर शेतांवरून आडवा पसरतो. सकाळी नीरा मिळते. वाल फुलतो. उन्हात बसायला कुणी बोलावावं लागत नाही. त्या वर्षी मात्र उन्हात बसलेली माणसं मधेच गप्प व्हायची आणि जमिनीकडे बघायची. कारण जमीन हलत होती. दिवाळीचे दिवे काढून ठेवले आणि हादरे सुरू झाले. आधी आवाज यायचा. खोल कुठेतरी रिकामं पिंप गडगडत न्यावं तसा. मग दाराची कडी वाजायची, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागायची, आणि मग पुन्हा सगळं स्तब्ध. कोंबड्याही स्तब्ध. हलण्यापेक्षा तो आवाज वाईट होता. नुसता ट्रक गेला तरी माणसं उठून उभी राहायची.

मी तेव्हा डहाणूच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते, अजूनही तिथेच शिकवते. घरात आम्ही तिघं: आई, बाबा आणि मी. बाबांनी उभी हयात तारापूरकडच्या कारखान्यात, मोठ्या यंत्रांच्या खात्यात काढली. तिथून निवृत्त होताना त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या: एक जुनी पांढरी छोटी गाडी आणि खराब झालेले कान. कान हळूहळू गेले. पूर्ण गेले असंही कुणाला वाटलं नाही, कारण समोर बसून बोललं की त्यांना बरंच कळायचं. पाठीमागून हाक मारली की काहीच नाही. आईचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं, "ह्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं." आम्ही हसायचो. बाबाही हसायचे. पुढे आईनेच त्यांचं गाडी चालवणं बंद केलं, मागून येणाऱ्याचा हॉर्न कळत नाही म्हणून. गाडी माझ्याकडे आली.

हादरे वाढले तसा पाडा घराबाहेर झोपू लागला. ताडपत्र्या बांधल्या, कुणाला तंबू मिळाले, कुणी नुसत्याच खाटा आंब्याखाली ओढल्या. शेजारचे रमणकाका गुजराती बोलत वाढलेले, पण आमच्याशी मराठीत बोलायचे. त्यांचं कुटुंब आणि आम्ही दोघी एकाच आंब्याखाली. दोघी, कारण बाबा यायला तयार नव्हते.

"मी घरातच झोपणार," ते म्हणाले.

"अहो, छप्पर पडेल अंगावर," आई त्यांच्या तोंडासमोर जाऊन ओरडली.

"मीच बांधलंय ते छप्पर. पडायचं असेल तर मला सांगून पडेल."

आई रडली, रमणकाकांनी समजावलं, मी भांडले. बाबा शांतपणे उशी झटकून आत गेले. गडगडाट त्यांना ऐकूच येत नव्हता, त्यामुळे त्यांचा भूकंप आमच्या भूकंपापेक्षा लहान होता. आम्हाला वाटलं, भीती नाही म्हणून ते आत झोपतात. माणसाच्या वागण्याचं सोपं कारण हाताशी असलं की दुसरं कुणी शोधत नाही.

मला लहानपणापासून सर्किट जोडायचा नाद. शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांना काय काय करून द्यायची. मी ठरवलं, बाबा बाहेर येत नाहीत तर त्यांना उठवणारं यंत्र आत न्यायचं. चिंचणीच्या बंदरावरून मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिसं आणलं. ते बारीक तारेने टांगून आईच्या एका जुन्या तांब्याच्या कड्यामधून खाली सोडलं. जमीन हलली की शिसं झुलेल, तार कड्याला टेकेल, सर्किट पुरं होईल. त्यापुढे एक रिले, म्हणजे थोडक्या विजेने मोठी वीज सोडणारं बटण, आणि रिलेपुढे भंगारातून आणलेली गाडीच्या वायपरची मोटर. मोटरच्या दांड्याला एका बाजूला जड नट बांधला आणि मोटर बाबांच्या लोखंडी खाटेला आवळून टाकली. फिरली की सगळी खाट थरथरायची. वीज घरातली घेता येत नव्हती, कारण हादऱ्याबरोबर ती हमखास जायची. म्हणून खिडकीतून वायर काढून अंगणातल्या गाडीला जोडली. डॅशबोर्डखाली हात घालून एक वायर शोधली, तिला जोड दिला, काळी पट्टी गुंडाळली. चाचणी घेतली. खाट अशी काही नाचली की त्यावरचा पाण्याचा तांब्या लवंडला. आई कितीतरी दिवसांनी हसली. बाबा खाटेवर बसून होते. ते म्हणाले, "हे बरं आहे. बसल्या जागी टांग्यातून फिरल्यासारखं वाटतं."

दोन-तीन दिवसांनी पहाटे हादरा आला. फटफटायला लागलं होतं. आधी तो आवाज, मग खाटांचे पाय करकरले. आम्ही सगळे उठून बसलो आणि खिडकीकडे बघू लागलो. मी तर कान देऊन होते, की आता मोटरची घरघर येईल. आली नाही. आई माझ्या शेजारून उठली आणि धावत घरात शिरली. तिच्यामागे, उंबऱ्याच्या आत, छपराचं एक कौल खाली आलं आणि फुटलं. एवढंच. बाकी काही पडलं नाही. पण तिने अर्धं पाऊल उशिरा टाकलं असतं तर, हा विचार मला आजही पुरा करता येत नाही. आत बाबा गाढ झोपेत होते. तिने त्यांना गदागदा हलवलं. ते बाहेर आले, आम्हा सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि विचारलं, "झालं का?"

दुपारी मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि पाच मिनिटांत उत्तर सापडलं. मी निवडलेली वायर चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी होती. चाचणीच्या वेळी चावी गाडीत, फिरवलेली होती. रोज झोपताना मात्र बाबा सवयीने गाडीची चावी काढून उशाखाली ठेवायचे. म्हणजे त्यांना उठवणारी वीज ते स्वतःच उशाखाली घेऊन झोपत होते.

मी हे बाबांना सांगितलं. ते जोरात हसले, मग म्हणाले, "आता थेट बॅटरीवरून घे. मी पण येतो."

तेव्हापासून ते माझ्याबरोबर गाडीपाशी उभे राहू लागले. शाळा त्या दिवसांत झाडाखाली भरायची आणि लवकर सुटायची. मी घरी यायची तेव्हा बाबा बॉनेट उघडून, फडकं, पक्कड, पट्टी मांडून तयार असायचे. एकमेकांशी फार बोलण्याची आमची पद्धत नव्हती. त्यांच्या कानांमुळे घरातली बोलणी आखूड होत गेली होती: जेवायला या, औषध घ्या, दार लावा. मोठं बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून कुणी गप्पा मारत नाही. पण हातात वायर असली की बोलणं आपोआप निघतं. हे धर, ते सोल, इकडे ओढ. त्या बोलण्याला मध्येच फाटे फुटायचे. एकदा बाबांनी मला त्यांच्या खात्यातली यंत्रं कशी हाताने ओळखायची ते सांगितलं. एकदा, लग्नानंतर आईला पहिल्यांदा समुद्र दाखवायला नेलं तेव्हा ती पाण्यात न जाता वाळूवर बसून चिंचा खात राहिली, हेही सांगितलं. मला दोन्ही माहीत नव्हतं.

थेट बॅटरीवरून वायर घेतली. या वेळी मी फ्यूज बसवला होता, त्याचा मला अभिमानही वाटत होता. तो बसवला होता खाटेपाशी, यंत्राच्या डब्यात. वायर बॅटरीपासून निघून बॉनेटच्या फटीतून बाहेर, तिथून खिडकीतून आत. सगळं झाल्यावर मी खाटेपाशी गेले आणि बाबांना खूण केली. त्यांनी बॉनेट धाडकन लावलं. बॉनेटच्या कडेने वायरचं आवरण कापलं आणि आतलं तांबं गाडीच्या अंगाला टेकलं. बॅटरीची सगळी ताकद त्या बारीक वायरमधून धावली. फ्यूज होता, पण पलीकडच्या टोकाला. वणवा लागलेला एका डोंगरावर आणि पाण्याचा हंडा दुसऱ्या डोंगरावर, तसं ते झालं.

मला आत काही कळलं नाही. बाबांना वास आला. मी बाहेर आले तेव्हा बॉनेट वर होतं, धूर निघत होता आणि बाबांनी ती लाल झालेली वायर उजव्या मुठीत धरून उपटली होती. ती जमिनीवर पडून गवत जाळत होती. त्यांच्या तळहातावर एक सरळ पांढरी रेघ उठली होती. ती रेघ बघता बघता लाल झाली.

आईने हात पाण्यात धरला, मग आम्ही त्यांना दवाखान्यात नेऊन पट्टी बांधून आणली. रमणकाकांच्या टेम्पोतून परत येताना आई एवढंच म्हणाली, "भूकंपाने नाही काही केलं अजून. तुम्हीच पुरे आहात."

मी डबा उचलून माळ्यावर टाकणार होते. बाबांनी टाकू दिला नाही. "चूक सापडली ना? मग झालं. सापडत नाही ती चूक वाईट," ते म्हणाले. हे म्हणताना पट्टीतला हात त्यांनी छातीशी धरला होता.

पुढचा रविवार मला सगळ्यात नीट आठवतो. रमणकाकांच्या खळ्यावर मळणीचं यंत्र आलं होतं. उरलेलं भात मळायचं होतं. यंत्राचा एवढा गोंगाट की आमच्या अंगणात शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं कळू नये. भुसा हवेत उडत होता, गाडीवर, माझ्या केसांवर बसत होता. मी आत हात धुवायला गेले होते. तेवढ्यात बाबांनी साफ करून ठेवलेली बॅटरी एका हाताने, डाव्या, गाडीत परत बसवली. आणि ती उलटी फिरवून बसवली. प्लसच्या जागी मायनस. मी दारात आले तेव्हा मोठी ठिणगी उडाली आणि बॉनेटखालून 'टप्' असं काहीतरी दिसलं. दिसलं म्हणते, कारण ऐकू येणं शक्य नव्हतं.

बाबांनी वायर झटकन काढली. मग त्यांनी बॅटरीकडे वाकून पाहिलं, खुणा पाहिल्या, आणि त्यांना कळलं. ते गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून खाली बसले. ज्या माणसाने चाळीसएक वर्षं यंत्रांमध्ये काढली तो पोरासोरांनी करावी तशी चूक करून बसला होता. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. बोललं तरी त्या यंत्राच्या गदारोळात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. त्यांनी चष्मा घातला. मी नुसतीच, स्वतःशी पुटपुटल्यासारखी म्हणाले, "आता उद्या शाळेत कशी जाऊ?"

"रमणच्या टेम्पोनं जा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मोठाच, त्या गोंगाटातूनही पोचला.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग आणखी हळू, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं येतंय? दिसतंय."

तिकडे जेवणासाठी मळणी थांबली. एकदम शांतता झाली. इतकी, की भुसा खाली बसतानाही ऐकू यावा. बाबा बोलत राहिले, थोडे जोरात, कारण यंत्र थांबलं हे त्यांना कळलं नव्हतं.

"आमच्या खात्यात सगळे असेच बोलायचे. तिथं कुणाला कान लागत नव्हते. तोंडाकडे बघायचं. कान गेले तेव्हा मला वर्षभर पत्ताच नव्हता लागला."

"मग घरी कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? समोर असलं की कळतं. नसलं की नाही कळत. तुझी आई म्हणते ना, सोयीचं ऐकतो. ते खोटं नाही. सोय असली तर ऐकतो."

आणि मग मी ते विचारलं, जे आम्ही कुणी विचारलं नव्हतं. विचारलं म्हणजे भांडले होते, ओरडले होते, पण विचारलं नव्हतं. "बाबा, तुम्ही बाहेर का झोपत नाही?"

त्यांनी आंब्याखालच्या आमच्या खाटांकडे बोट केलं. "बाहेर अंधार असतो," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत.

"पहिल्या दिवशी आलो होतो की मी संध्याकाळी. बसलो होतो तुमच्यात. दिवस होता तोवर ठीक. मग अंधार पडला. वीज नव्हती. तुम्ही सगळे बोलत होता, रमण काहीतरी सांगत होता, त्याची खाट हलत होती हसून. मला तुमची तोंडं दिसेनात. मी आपला कांबळं घेऊन दगडासारखा. घरात एकटा असतो तर एकटाच असतो, त्याचं काही नाही. पण माणसांत बसून..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. पट्टी बांधलेल्या हाताने गुडघ्यावरचा भुसा झटकला. "अन् हादरा आला तर तुम्ही काय ओरडता ते तरी कुठं कळणार होतं?"

मी शिसं, कडं, रिले, मोटर असं सगळं जुळवत होते ते त्यांना झोपेतून उठवण्यासाठी. त्यांचा प्रश्न झोपेचा नव्हताच. तो झोप लागण्याआधीच्या वेळेचा होता. दिवेलागणीनंतरचा तो तास-दोन तास, जेव्हा पाडाभर माणसं भीती घालवायला बोलत बसत, तेव्हा त्या बोलण्यात एकाच माणसाला जागा नव्हती. त्या हिवाळ्यात मी वायरी जोडताना बऱ्याच चुका केल्या. पण त्या सगळ्या दुरुस्त होणाऱ्या होत्या, कारण धूर तरी निघत होता. ही चूक आमच्या घरात वर्षानुवर्षं बिनधुराची जळत होती.

गाडी रमणकाकांच्या ट्रॅक्टरला दोर बांधून तलासरीच्या गॅरेजात गेली. मोठा फ्यूज आणि चार्जिंगचा एक भाग उडाला होता. गॅरेजवाल्याने बदलून दिलं आणि बॅटरीच्या प्लसवर लाल रंगाचा केवढा तरी मोठा ठिपका काढून दिला. बाबांनी तो ठिपका मान खाली घालून स्वीकारला. मी त्यांना म्हणाले, "माझ्या दोन, तुमची एक. अजून मीच पुढे आहे." तेव्हा कुठे ते हसले.

मग मी दिवा केला. सोपा, बारक्या पांढऱ्या दिव्यांची पट्टी घेऊन. ती दुधी प्लास्टिकच्या एका जुन्या डब्याच्या झाकणात चिकटवली म्हणजे उजेड डोळ्यांत टोचणार नाही. या वेळी फ्यूज अगदी बॅटरीच्या तोंडाशी बसवला. वायर फटीतून न काढता, जिथून गाडीच्या स्वतःच्या वायरी रबराच्या कड्यातून जातात तिथून काढली. मायनस जोडायच्या जागेवरचा रंग कानशीने खरवडून लख्ख पत्रा काढला. बाबा शेजारी उभे राहून प्रत्येक जोड ओढून बघत होते. संध्याकाळी दिवा आंब्याच्या फांदीला टांगला. बाबा खाली बसले, वर पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"तुमची डोकी उजळली नुसती. तोंडं काळीच. खाली घे."

खरंच होतं. उजेड वरून पडत होता आणि प्रत्येकाच्या नाकाखाली सावली होती. आम्ही दिवा उतरवला आणि खाटांच्या मधोमध एका उलट्या घमेल्यावर ठेवला, जेवायला बसल्यावर तोंडासमोर येईल इतका. बाबांनी पुन्हा एकेकाकडे पाहिलं. "आता बोला," ते म्हणाले.

आणि कुणालाच काही बोलायला सुचेना! बोला म्हटल्यावर माणसं गप्प होतातच. शेवटी रमणकाकांनी त्यांच्या सासुरवाडीच्या रेड्याची गोष्ट काढली. रेडा पळाला, विहिरीपाशी गेला, मागून सासरे पळाले. गोष्ट आम्ही अनेकदा ऐकलेली होती. पण शेवटी सासरे चिखलात बसले तेव्हा बाबा इतके मोकळे हसले की त्यांना ठसका लागला. आमच्याबरोबर हसले. आम्ही हसल्याचं पाहून मागून हसायचे, तसे नाही.

आई तेव्हा त्यांच्या शेजारी, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली होती, नेहमी बसायची तशी. "ह्यांना सोयीचं..." हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, तिचं ती जाणे. मग ती उठली, लुगड्याचा पदर सावरला, दिव्याला वळसा घालून पलीकडे गेली आणि त्यांच्या समोर बसली. त्या रविवारचं माझं आणि बाबांचं सगळं बोलणं मी तिला सांगितलं होतं. तिने त्यांना काहीतरी विचारलं, अगदी हळू. मला ऐकू आलं नाही. बाबांना कळलं. "आवळ्याचं लोणचं असेल तर दे थोडं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा बाहेर झोपू लागले. पुढे हिवाळा सरताना एक मोठा हादरा बसला आणि आमच्या मागच्या खोलीची भिंत आतल्या बाजूला कोसळली, जिथे लोखंडी खाट होती तिथेच. आत कुणी नव्हतं. मोटर खाटेसकट विटांखाली गेली. तिने तेव्हा थरथरून पाहिलं की नाही, कोण जाणे. आम्ही विटा उचलताना बाबा म्हणाले, "सांगून पडलं नाही बघ." आणि त्यांनी पुढची वीट उचलली.

आता घर दुरुस्त झालं आहे. जमीन अधूनमधून अंग हलवते, आम्ही थांबून बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. बाबांना कानाचं यंत्र आणून दिलं. ते त्यांना आवडत नाही, पंखाच फार ऐकू येतो म्हणतात. मी शाळेत फळ्यावर लिहिताना बोलणं सोडून दिलं आहे. आधी लिहिते, मग वळते, मग बोलते. का, ते मुलांनी कधी विचारलं नाही. कुठल्या तरी बाकावर कुणीतरी असेलच, ज्याला हे उपयोगी पडत असेल आणि ज्याने घरी सांगितलं नसेल.

पण तो हिवाळा म्हटलं की मला शेवटी ती एक सकाळ आठवते. दिवा लावायला लागून बरेच दिवस झाले होते. गप्पा लांबत चालल्या होत्या, आदल्या दिवशी तर दिवा विझवायलाच सगळे विसरलो. दिवा बारीक असला तरी जुन्या बॅटरीने किती सोसावं? सकाळी मी शाळेला निघाले, चावी फिरवली, तर गाडीने नुसतं खट् केलं. माझी तिसरी चूक. ही मात्र सगळ्या पाड्याने मिळून केलेली.

"ढकलायची ना, बेन? चल," रमणकाका म्हणाले. त्यांचे दोघे भाऊ आले, आई आली, पलीकडच्या तंबूतली माणसं आली. मी आत बसले. ते ढकलायचे, मी क्लच सोडायची, गाडी एक हिसका देऊन मेल्यासारखी थांबायची. दोनदा असं झालं.

बाबा खिडकीशी आले. "उतर," ते म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. आई गाडीच्या मागे जाऊन ढकलायला उभी राहिली. मी उतरले. बाबा बसले, आरसा नीट केला, बऱ्या झालेल्या उजव्या हाताने चाक धरलं, डाव्याने गिअर टाकला. आम्ही सगळ्यांनी जोर लावला. पाय धुळीत घसरत होते, कुणीतरी 'हो हो' म्हणत होतं. उतार लागला, गाडीला वेग आला आणि बाबांनी क्लच सोडला. इंजिन एकदा खोकलं आणि भरभरून सुरू झालं. ते त्यांना ऐकू आलं नसणार. चाकातून हाताला कळलं असणार. गाडी आमच्या हातांखालून निसटली. आम्ही ओरडलो, "थांबा! बाबा, थांबा!" रमणकाका ओरडले, आई ओरडली, तंबूतली माणसं ओरडली. गाडी मोरीवरून गेली, वळणाला लागली आणि ताडांच्या मागे दिसेनाशी झाली.

आम्ही धूळ खात रस्त्यात उभे. कुणी पळत जावं, कुणी टेम्पो काढावा, अशी चर्चा सुरू झाली. आई कमरेवर हात ठेवून वळणाकडे बघत होती. "जाऊ दे," ती म्हणाली. "येतील."

बराच वेळ गेला. मग वळणावर पांढरं काही चमकलं. गाडी सावकाश, रस्त्याच्या अगदी डाव्या बाजूने आली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. इंजिन चालूच. बाबांचे केस वाऱ्याने उभे राहिले होते. त्यांनी काच खाली केली आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय म्हणत होता सगळे?"

"थांबा म्हणत होतो!"

"मग पुढे येऊन म्हणायचं," बाबा म्हणाले. "पाठीमागून कसं दिसणार?"